पाण्याखाली कापलेले देठ

मस्कतचा हिवाळा आधी कानाला कळतो. मार्च-एप्रिलपासून घरात एसी घुरघुरत असतो, त्याची इतकी सवय होते की तो आवाज आहे हेच आपण विसरून जातो. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी उठून आपण तो बंद करतो आणि घर असं गप्प होतं, की वरच्या मजल्यावर कुणी पेल्यात चमचा फिरवला तरी ऐकू यावा. वर्षभर मिटलेल्या खिडक्या हिसका देऊन उघडायच्या, चौकटीतली बारीक पिवळी धूळ फडक्यानं पुसायची, कपाटातली शाल उन्हात टाकायची. थंडी ती काय, पण आम्हा कोकणातल्या माणसांना तेवढीसुद्धा पुरते. ह्यांना रुसैलच्या कंपनीची बस पकडायला पहाटे बाहेर पडावं लागतं, तर हे कानटोपी घालून निघतात. मी म्हणते, काश्मीरला चाललात की कारखान्यात? हे म्हणतात, तू चहा दे.

आज सकाळी तसाच एसी बंद केला आणि चहा घेऊन हौशात आले. हौश म्हणजे आमच्या घरापुढचं, उंच भिंतीनं वेढलेलं अंगण. दारसैतमधल्या या जुन्या दुमजली घरात खालचा भाग आमचा, वरचा दुसऱ्या भाडेकरूंचा आणि हौश म्हणायला दोघांचा. पण झाडं माझी, त्यामुळं हौशही माझाच झालेला. कोपऱ्यातल्या टबात वॉटर लिली आहे, बरकाच्या नर्सरीतून आणलेली, चिवट जातीची. तिचं एक पान कडेनं पिवळं पडलं होतं. खुडायला हात पुढं गेला आणि मध्येच थांबला.

दरवर्षी थांबतो. हिवाळ्यात पाण्यातल्या झाडाला हात लावायचा म्हटलं की माझ्यासमोर एकच हिवाळा येऊन उभा राहतो, दोन हजार तेरा सरतानाचा. त्या हिवाळ्यात मी एका मेलेल्या कमळाची राखण केली. ते मेलंय हे मला ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं ती रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून माझ्या हातचा चहा प्यायची.

आता सगळं सांगते. सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

ते कमळ माझ्या माहेरचं. देवळामागच्या तळीतलं, फिकट गुलाबी, पाकळीच्या टोकाला जरा गडद. आमच्याकडं त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. म्हशी डुंबायच्या त्यात. सणाला फुलं लागली की माझा धाकटा भाऊ बाळू छातीभर पाण्यात उतरायचा आणि ओरडत ओरडत वर यायचा, पायाला काहीतरी लागलं म्हणून. एका शिमग्याला आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा त्यानं मला कंद काढून दिला. रताळी एकमेकांना जोडावीत तसा दिसतो तो, आणि त्याचा कोंब इतका नाजूक की नखानंसुद्धा मोडेल. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून तो आमसुलं आणि कुळथाच्या पिठाच्या मध्ये बॅगेत ठेवला. मस्कतच्या विमानतळावर नेमकी आमचीच बॅग उघडली. ते ओलं गाठोडं उचलून त्या माणसानं विचारलं, हे काय? ह्यांचं तोंड पांढरंफटक. तरी पटकन म्हणाले, भाजी. खोटं नव्हतं हो, कमळकाकडी खातातच की. तो माणूस हसला, म्हणाला, यल्ला, जा. टॅक्सीत बसल्यावर हे मला म्हणाले, तुझ्या या भाजीपायी माझा व्हिसा गेला असता.

ह्यांनीच मग कंपनीतला रिकामा निळा ड्रम आणून अर्धा कापून दिला. इथली माती नुसती वाळू आणि खार, म्हणून पाऊस पडून गेल्यावर वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या नदीच्या पात्रात जो गाळ बसतो तो आम्ही दोघांनी पिशव्यांतून भरून आणला. डासांची तपासणी करायला बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा माणूस आला तेव्हा पाण्याचा ड्रम बघून त्यानं भुवया चढवल्या. मी त्याला आतले गप्पी मासे दाखवले. पुढच्या खेपेला तो मासे बघायलाच आला.

पहिल्या उन्हाळ्यात पानंच पानं आली. दुसऱ्या उन्हाळ्यात फूल. एवढ्या उकाड्यात, जिथं कढीपत्ता वाळून कोळसा होतो, तिथं हे आपलं छत्रीएवढं पान उघडून मजेत. पहाटे फूल उमलायचं त्याला आवाज नसतो, पण मला वाटायचं असावा.

पण हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात पानांच्या कडा करपल्या, मग पानं पापडासारखी वाळून देठांवर लोंबायला लागली, आणि मी रडत बाळूला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "मरूक नाय गो तां. निजलां." कमळ हिवाळ्यात झोपतं. वरचं सगळं सोडून देतं आणि चिखलात कंदाच्या पोटात जीव धरून पडून राहतं. त्याला तेव्हा खत नको, उपसाउपशी नको, कौतुकसुद्धा नको. चिखलावर वीतभर पाणी ठेवायचं, ते आटू द्यायचं नाही, टँकरचं पाणी असेल तर दोन दिवस तसंच ठेवून मग घालायचं. आणि वाळलेले देठ तसेच उभे राहू द्यायचे. ही सगळ्यात मोठी गोष्ट. कमळाचा देठ आतून नळीसारखा पोकळ असतो, त्यातून चिखलातला कंद श्वास घेतो. तो देठ पाण्याच्या वर कापला तर चालतो. पाण्याखाली कापला की नळीतून पाणी थेट कंदात शिरतं आणि कंद आतल्या आत कुजतो. म्हणजे बुडून मरतं ते, पाण्यातलं झाड असून.

हे मी कितीजणींना सांगितलंय म्हणून विचारू नका. सगळ्यात जास्त सुनंदाला.

सुनंदा वरच्या मजल्यावर राहायची. नाशिककडची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिचे यजमान कुरुमला एका ऑफिसात हिशेबाच्या कामावर, मुलगी मधुरा एकुलती एक. मला वहिनी म्हणायची. तिचा स्वभाव हौशी, माझा बोलका, त्यामुळं आमचं लगेच जमलं. मला टायफॉइड झाला तेव्हा पेज करून भरवणारी ती. तिची आई गेली आणि तिकीट मिळेना, तेव्हा रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली मी. आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडं असायची, तिच्या घराची माझ्याकडं. परदेशात आपलं माणूस कोण, हे त्या किल्लीवरून ओळखावं असं मी नव्यानं आलेल्या मुलींना सांगायची. आता सांगत नाही.

त्या वर्षी बाळूच्या मुलीचं लग्न निघालं. मी एकटीच पुढं जायचं ठरलं, ह्यांना रजा नव्हती. निघायच्या आधी एक नवल झालं. कमळाला हंगाम सरल्यावर एक कळी आली. पानंही अजून पाच-सहा चांगली हिरवी होती, थंडी उशिरानं आली होती ना. सुनंदा खाली आली, कळीकडं बघून म्हणाली, "वहिनी, मार्गशीर्षात उमलेल हो ही." मी म्हटलं, उमलली तर उमलू दे, कुणी काही करायचं नाही, तू फक्त पाणी बघ. पुन्हा एकदा सगळं सांगितलं. देठ, पाणी, खत. ती म्हणाली, पाठ झालंय मला, परीक्षा घ्या हवी तर.

गावी लग्न थाटात झालं. वरात गेल्यावर मी बाळूला म्हटलं, चल रे, तळीवर जाऊन येऊ. तो नको म्हणत होता. मी ऐकते कुठं. देवळामागं गेले तर तळी नाहीच. म्हणजे आहे, पण चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, तळ मशीननं खरवडून स्वच्छ केलेला, पाणी निळंशार, त्यात एक कारंजं. बाळू खाली मान घालून म्हणाला, "खयची तळी गो ताय. सगळा शिमीट घातल्यानी." शेजारच्या गावातसुद्धा ते कमळ उरलं नव्हतं, त्यानं शोधलं होतं. मी पायरीवर बसले. मला गंमत वाटेल असं तो बोलत होता, की म्हशींनासुद्धा आता आत सोडत नाहीत. मला एकच दिसत होतं, समुद्रापलीकडं दारसैतच्या अंगणातला अर्धा कापलेला निळा ड्रम. आमच्या तळीतलं काही उरलं असेल तर तेवढंच.

परत आले तेव्हा पौष लागला होता. बॅगा दारात टाकल्या आणि आधी हौशात गेले. ड्रम स्वच्छ. पाणी निवळशंख. पानं नाहीत हे धरूनच चालले होते, पण देठही नव्हते. एकसुद्धा नाही. मी सुनंदाला विचारलं. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "वारा काय होता वहिनी त्या आठवड्यात! सगळे देठ मोडून पडले. मग मी घाण काढून टाकली." कळीचं काय झालं म्हटलं, तर म्हणाली, करपली. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, मी अंधारात जातो, अंधारात येतो, मला काय दिसतंय.

वाऱ्यानं मोडलेले देठ वर मोडतात, पाण्याखाली नाही, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. समोर सुनंदा होती ना. दुसरं कुणी असतं तर सुचलं असतं.

त्याच संध्याकाळी मी तिला तळीची हकिगत सांगितली. चहा पीत होतो. म्हटलं, सुनंदा, आता एवढंच राहिलं बघ. तिच्या बशीत चहा सांडला. ती बराच वेळ पदरानं बशी पुसत बसली आणि मग म्हणाली, "येईल वहिनी. माझं मन सांगतं." मला वाटलं, किती जीव लावलाय हिनं माझ्या कमळाला.

मग सुरू झाली राखण. उत्तरेचा वारा सुटला की इथं संध्याकाळी अंगण गार पडतं आणि धूळ येते, म्हणून मी ड्रमवर खजुराच्या झापांची चटई टाकायची. चटई मोठी, एकटीला आवरायची नाही. तिचं दुसरं टोक धरायला सुनंदा खाली यायची. रोज. मी म्हणायची, अलगद, आणि ती अलगद ठेवायची. ड्रमला भोवतीनं गोणपाट गुंडाळला तेव्हा सुतळीची गाठ तिनंच मारली. सकाळी चटई काढताना मी कंदाशी बोलायची, म्हणजे आपलं मनातल्या मनात पण तोंड हलवून, आणि ती हसायची. वेड्या आहात, म्हणायची. ते हसू आठवलं की मला अजून त्याचा नीट अर्थ लागत नाही. ते खोटं होतं का? तेवढं मला कुणी सांगावं.

जानेवारीच्या शेवटी पाऊस आला. इथला पाऊस असाच हिवाळ्यात केव्हातरी येतो, तासाभरात वर्षाचं पाणी ओतून जातो, रस्त्यात वादी वाहायला लागते आणि ऑफिसं लवकर सुटतात. गच्चीच्या पाइपातून पाण्याचा लोंढा थेट ड्रमवर पडायला लागला. चिखल ढवळला असता, कंद उघडा पडला असता. मी तशीच भिजत धावले. मागून सुनंदा आली, जुनं पत्र्याचं दार ओढत. आम्ही दोघींनी ते आडवं धरलं, पाऊस थांबेपर्यंत. दोघीही चिंब. मी तिला म्हटलं, पूर्वजन्मी तू माझी बहीण असणार. दात वाजत होते तिचे. मला वाटलं, थंडीनं.

आता तो प्रसंग वळवून वळवून बघते मी. बाईनं एका मेलेल्या कंदासाठी भर पावसात पत्रा धरला. का? तेव्हाच तिनं सांगून टाकायचं होतं. आम्ही दोघीच होतो, पावसाच्या आवाजात माझं रडणंही कुणाला ऐकू गेलं नसतं.

फेब्रुवारीत मधुराचा साखरपुडा ठरला. स्थळ उत्तम. मुलाचे आईवडील कुरुमला राहणारे, मुंबईचे, माणसं मोकळी. साखरपुडा त्यांच्याच घरी होता. मी मधुराला न्हाऊ-माखू घातलेलं, तिच्यासाठी सोन्याचे मणी घेतले होते. सुनंदा कुंकवाचा करंडा घेऊन फिरत होती, मी तिच्या मागं हळदीची वाटी घेऊन. मुलाच्या आई आमच्याशी बोलायला थांबल्या. भल्या बाई, आवाज जरा मोठा. सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी तर मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारीच ठरवलं होतं, मुलगी करायची तर ह्या घरातली. काय उद्यापन केलं हो सुनंदाताईंनी! लक्ष्मीच्या घटावर कमळ, हा एवढा देठ असलेलं. आणि आम्हा पाचजणींना खीर-पुरी वाढली ती कमळाच्या पानावर. मस्कतमध्ये कमळाचं पान! मी अजून सगळ्यांना सांगते."

आणि मग कौतुकानं मला विचारलं, कुठं मिळतात हो इथं?

मी सुनंदाकडं बघितलं. ती मान खाली घालून करंड्याचं झाकण लावत होती. समोर मधुरा नव्या साडीत, मेंदीचे हात वर धरून बसलेली. मी म्हटलं, आमच्याकडचीच ती. बाई म्हणाल्या, भाग्यवान आहात. कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. सगळ्यांच्या देखत मी तिचं खोटं माझ्या तोंडानं झाकलं, हेही तिनं माझ्याकडून करून घेतलं. मी अजून तो पेढा गिळतेच आहे.

घरी आले. साडीसुद्धा बदलली नाही. हिवाळ्यात चिखलात हात घालायचा नाही असा माझाच नियम, पण आता कसला नियम. चटई काढली, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. जिवंत कंद हाताला टणक लागतो, कच्च्या केळ्यासारखा. माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं आणि लागताक्षणी विरघळलं. हात वर काढला तर काळा गाळ आणि कुजक्या मासळीसारखा वास. दुसरीकडं चाचपलं, तिथंही तेच. एक देठ हाताशी आला, तळाकडचा, वीतभर. त्याचं वरचं टोक सुरीनं कापल्यासारखं सरळ होतं.

सुनंदा जिन्यावरून खाली आली होती. साखरपुड्याच्याच साडीत, दारात उभी. आत यायचं धाडस होईना. मी ड्रमपाशी तशीच बसून होते, हात काळे.

ती म्हणाली, "वहिनी, मला खरंच वाटलं होतं, येईल."

"कधी वाटलं? कापताना, की चटई धरताना?"

ती रडायला लागली. रडत रडत सांगितलं ते असं. मुलाच्या आई उद्यापनाला येणार होत्या, घर लहान, भांडी साधी, त्यांच्या डोळ्यांत भरेल असं काय करावं सुचेना. कळी उमलायला आली होती. घटासाठी देठ लांब हवा होता, म्हणून हात आत घालून खालून कापला. मग पानंही तशीच कापली, नाहीतरी वाळणारच होती म्हणून. माझं बोलणं तिला आठवत होतं. तिला वाटलं, एवढ्यानं काय होतंय, झाड आहे, फुटेल पुन्हा. मधुराचं ठरलं की सांगून टाकायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. आणि मग मी गावाहून येऊन तळीचं सांगितलं, तेव्हापासून जीभ उचलेना.

मी विचारलं, "मला फोन का नाही केलास? मी सांगितलं असतं, पाण्याच्या वर चार बोटं काप. तुला फूल मिळालं असतं, पानं मिळाली असती, आणि माझं कमळ राहिलं असतं."

ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

बघा. मला कापल्याचं दुःख झालं, लपवल्याचं झालं, पण या एका वाक्यानं जे झालं ते वेगळंच. इतकी वर्षं एका हौशात राहून, एकमेकींची उष्टी-खरकटी काढून, तिला माझ्याबद्दल हे वाटत होतं. पोरीच्या लग्नाहून मला माझं फूल मोठं वाटेल. मी जिला बहीण समजत होते, ती मला घरमालकीण समजत होती, जिच्या परसातून चोरूनच काहीतरी न्यावं लागतं.

हे त्या दिवशी उशिरा आले. मी ड्रम उपसत होते. ह्यांनी डोकावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, खलास? मी म्हटलं, खलास. हे बूट काढून माझ्याबरोबर उपसायला लागले. मी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, बाईमाणसाची लेकीसाठी मती फिरते, सोडून दे. पुरुषांचं बरं असतं. त्यांनी चटई धरलेली नव्हती.

सुनंदानं नंतर करायचं ते सगळं केलं. कुठून कुठून चौकशी करून नर्सरीतून एक नवा कंद आणला, चांगला सशक्त, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या उंबऱ्यावर ठेवला. मला हाक मारायची हिंमत झाली नाही तिची. मी तो आमच्या घरमालकाच्या बायकोला देऊन टाकला, त्यांची बरकाला खजुराची बाग आहे, पाण्याचा हौद आहे. तिथं ते कमळ असं फोफावलं की विचारू नका. घरमालकीण मला मुद्दाम गाडी पाठवून बघायला बोलावते, लुबानाचा धूप लावते, कहवा देते. पांढरीशुभ्र फुलं, मोठी मोठी. मी छान म्हणते. खरंच छान आहेत. वाकून वास घ्यावा असं मात्र कधी वाटलं नाही.

मधुराच्या लग्नाला मी गेले. अक्षता टाकल्या. पोरीचा काय दोष. त्यानंतर वर्षभरात सुनंदाच्या यजमानांची नोकरी संपली, ती दोघं पुण्याला जाऊन राहिली. निघताना तिनं किल्ली परत केली. आम्ही दोघींनी किल्ल्यांची अदलाबदल केली ती एखाद्या ऑफिसातल्यासारखी, उभ्या उभ्या. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे, तरुण जोडपं, पोरं आपापसात इंग्लिशमध्ये बोलतात आणि मला आज्जी म्हणतात. त्यांची आई मला म्हणाली, काकू, आम्ही फिरायला जातो तेव्हा आमची किल्ली ठेवाल का? मी ठेवते. माझी देत नाही. तिच्या ते लक्षात आलं असेल.

झोपलेलं आणि मेलेलं सारखंच दिसतं, हे मी त्या हिवाळ्यात शिकले. बाहेरून काही कळत नाही. दोन्हींवर पाणी तसंच शांत असतं. फरक कळायला एकतर वाट बघावी लागते, नाहीतर हात घालावा लागतो. पूर्वी मला वाट बघता यायची. आता मी लिलीच्या टबातसुद्धा दर पंधरवड्याला बोटं घालून गड्डा चाचपते, टणक आहे ना बघते. त्यानं तिची मुळं दुखावतात, फुलं कमी येतात. नर्सरीवाला म्हणतो, मामी, तिला जरा निवांत राहू द्या. कळतं मला. पण हात जातो.

हे एवढं लिहून मी बाजूला ठेवलं होतं. चार दिवसांनी, काल, दुपारी पुण्याहून सुनंदाचा फोन आला. सणावाराचे मेसेज येतात, मीही नमस्काराचे हात टाकते, पण फोन कित्येक दिवसांत नव्हता. आधी तब्येतीचं, मग मधुराच्या मुलाचं. मग म्हणाली, गच्चीत टबात कमळ लावलंय वहिनी, उन्हाळ्यात फुलंही आली, पण आता सगळी पानं करपायला लागली आहेत. मेलं का ते?

पुण्याची थंडी इथल्यापेक्षा कडक. मी तिला सगळं सांगितलं. खत आजपासून बंद. पाणी वीतभर, रोज बघायचं. टब भिंतीच्या कडेला, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं सरकवायचा, भोवतीनं गोणपाट. पानं आपोआप वाळू द्यायची, ओढायची नाहीत. देठ तसेच उभे ठेवायचे. फारच लोंबायला लागले तर पाण्याच्या वर चार बोटं कापायचे, त्याच्या खाली नाही. चिखलात हात घालायचा नाही. होळीच्या सुमाराला पहिलं पान येईल, रुपयाएवढं, पाण्यावर तरंगणारं. तोवर धीर धर.

ती हूं हूं करत ऐकत होती, लिहूनही घेत असावी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे राग गेला ना वहिनी तुमचा?"

मी म्हटलं, "कमळाचं विचारलंस सुनंदा, कमळाचं सांगितलं."